तोट्यातली हिरवळ : हार्डिंग पार्कची वाटचाल

जून १९९८ मध्ये यूएस ओपन ही अमेरिकेची मानाची गोल्फ स्पर्धा सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबवर भरली. ली जॅन्झनने ती जिंकली. स्पर्धा पाहायला आलेल्या हजारो लोकांच्या मोटारी मात्र लेक मर्सेड या तळ्याच्या काठावरच्या एका दुसऱ्या गोल्फ मैदानावर उभ्या होत्या. हार्डिंग पार्क हे त्या मैदानाचं नाव आणि सॅन फ्रान्सिस्को शहर त्याचं मालक. ज्या फेअरवेवर, म्हणजे होलपर्यंत नेणाऱ्या गवताच्या पट्ट्यावर, एके काळी गॅरी प्लेअर आणि बिली कॅस्पर जिंकले, त्याचा वाहनतळ झाला होता आणि शहरात फारशा कोणाला त्याचं काही वाटलं नाही. मैदानाची अवस्थाच तशी झाली होती. गवतापेक्षा तण जास्त, हिरवळीवर टक्कल, पाण्याचे नळ फुटलेले, क्लबहाऊस मोडकळीला आलेलं. शेजारी मात्र तीन श्रीमंत खासगी क्लब, आणि तेही त्याच वाळूत, त्याच धुक्यात आणि त्याच सायप्रस झाडांमध्ये वसलेले.

शेजारच्या मैदानांना जमिनीने आणि हवेने जे दिलं, ते हार्डिंग पार्कलाही दिलं होतं. मग तिथे यूएस ओपन आणि इथे पार्किंग, हा फरक कशाने पडला? या वाटचालीचा सगळा अर्थ मला त्या एका प्रश्नात दिसतो.

अमेरिकेत नगरपालिकेने गोल्फचं मैदान चालवण्याची कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधलं व्हॅन कोर्टलँड पार्क १८९५ मध्ये सुरू झालं आणि ते देशातलं पहिलं सार्वजनिक गोल्फ मैदान मानलं जातं. गोल्फ हा तेव्हा बड्यांचा खेळ होता. जमीन त्यांची, क्लब त्यांचा आणि दारातून कोणाला आत घ्यायचं तेही तेच ठरवायचे. त्यावर शहरांनी उत्तर शोधलं ते असं की, बाग जशी सर्वांची तसं हे मैदानही सर्वांचं. तिकीट काढावं आणि खेळावं. सॅन फ्रान्सिस्कोने ही सुरुवात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लिंकन पार्कमध्ये केली. ती जागा पूर्वी शहराचं दफनस्थान होती. चिनी समाजाच्या अंत्यविधींशी जोडलेली एक जुनी कमान आजही तिथल्या फेअरवेजवळ उभी आहे. नव्वदीच्या दशकात शेजारच्या लीजन ऑफ ऑनर या कलासंग्रहालयाच्या विस्ताराचं खोदकाम निघालं, तेव्हा शेकडो मृतदेहांचे अवशेष सापडले. गरिबांना पुरायला दिलेल्या जमिनीवर पुढे गरिबांनाही परवडेल असा खेळ आला.

हार्डिंग पार्क १८ जुलै १९२५ रोजी खुलं झालं. राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग दोन वर्षांपूर्वी, २ ऑगस्ट १९२३ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोच्याच पॅलेस हॉटेलमध्ये वारले होते. ते गोल्फचे मोठे शौकीन, म्हणून नव्या मैदानाला त्यांचं नाव मिळालं. जागा १६३ एकर. आराखडा विली वॉटसन आणि सॅम व्हायटिंग या दोघांचा. शेजारच्या ऑलिंपिक क्लबचं लेक मैदानही याच दोघांच्या हातचं. शहरासाठी केलेल्या आराखड्याचे त्यांना ३०० डॉलर मिळाले. म्हणजे जमीन आणि हवा सारखी होतीच, शिवाय रचनाकारही तेच होते. पैशावाल्यांसाठी जी अक्कल वापरली गेली तीच सर्वसामान्यांसाठीही वापरली गेली. शहराच्या इतिहासातली ही गोष्ट मला फार अभिमानाची वाटते.

पुढची चाळीस वर्षं या मैदानाने शहराला जे दिलं ते कोणत्याही ताळेबंदात बसणारं नाही. केन व्हेंच्युरीचं उदाहरण घ्या. १९३१ साली जन्मलेला हा मुलगा तोतरा होता, बोलताना जीभ अडखळायची. एकट्याने खेळता येईल असा खेळ हवा म्हणून तो गोल्फकडे वळला. त्याचे वडील हार्डिंग पार्कच्या प्रो शॉपचं काम पाहत, म्हणजे खेळाचं सामान विकण्याचं आणि तिकिटांचं दुकान चालवत. मुलगा तासन् तास मैदानावर असायचा. खेळता खेळता स्वतःशीच मोठ्याने बोलायचा, जणू रेडिओवर सामन्याचं वर्णन करतो आहे. हा मुलगा पुढे १९६४ मध्ये यूएस ओपन जिंकला, तेही वॉशिंग्टनजवळच्या भयंकर उन्हाळ्यात एका दिवशी ३६ होल खेळून. आणि खेळ सोडल्यावर तब्बल ३५ वर्षं सीबीएस वाहिनीवर तो गोल्फचा समालोचक होता. अडखळणाऱ्या जिभेचा मुलगा देशाचा आवाज झाला, त्याची शाळा शहराचं हे मैदान होतं. खासगी क्लबमध्ये दुकानदाराच्या मुलाला तासन् तास कोण राहू देणार?

१९५६ च्या शहर अजिंक्यपदाचा अंतिम सामना म्हणजे हार्डिंग पार्कच्या वैभवाचा कळस. एका बाजूला व्हेंच्युरी, दुसऱ्या बाजूला तेव्हाचा अमेरिकेचा हौशी विजेता हार्वी वॉर्ड. दोघंही एडी लोअरी नावाच्या एकाच मोटार विक्रेत्याकडे नोकरीला. हा लोअरी म्हणजे १९१३ च्या यूएस ओपनमध्ये फ्रान्सिस विमेटची बॅग उचलणारा दहा वर्षांचा कॅडी, मोठेपणी श्रीमंत झालेला. शहराच्या मैदानावर, शहराच्या स्पर्धेचा सामना पाहायला सुमारे दहा हजार लोक जमले. व्हेंच्युरी जिंकला. त्याच वसंतात तो हौशी खेळाडू म्हणून मास्टर्स स्पर्धेत शेवटच्या दिवसापर्यंत आघाडीवर होता आणि एका फटक्याने हरला. त्या सामन्याला आलेल्यांमध्ये गोदी कामगार होते, बसचालक होते, वकील होते. शहर अजिंक्यपदाचं वैशिष्ट्यच हे की, त्यात नाव द्यायला कोणत्या क्लबची ओळख लागत नव्हती.

साठच्या दशकात इथे व्यावसायिक खेळाडूंची लकी इंटरनॅशनल स्पर्धा भरू लागली. गॅरी प्लेअर, जीन लिटलर, चि-चि रॉड्रिग्ज, जॉर्ज आर्चर असे विजेते झाले. १९६६ मध्ये हातांच्या दुखण्याने जवळपास संपलेला व्हेंच्युरी आपल्या लहानपणच्या मैदानावर परतला आणि जिंकला. त्याच्या कारकिर्दीतला तो शेवटचा विजय. १९६९ नंतर ही स्पर्धाही गेली.

इथून पुढे घसरण. ती कशी होते ते नीट पाहायला हवं, कारण तोट्यातल्या प्रत्येक सार्वजनिक मैदानाची कहाणी थोड्याफार फरकाने हीच असते.

गोल्फच्या मैदानाचा खर्च खेळणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून नसतो. दिवसाला दोनशे माणसं येवोत की वीस, ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पहाटे यंत्र फिरवावंच लागतं. होलची जागा रोज बदलावी लागते, नाहीतर त्याच्याभोवतीचं गवत पायांनी मरतं. वर्षातून काही वेळा ग्रीनला हजारो बारीक भोकं पाडून त्यांत वाळू भरावी लागते, म्हणजे मुळांना हवा मिळते आणि पाणी मुरतं. बंकरमधली वाळू, झाडांची छाटणी, पाण्याच्या नळांचं जाळं, यंत्रांची दुरुस्ती, यातलं काहीही गिऱ्हाईक कमी झालं म्हणून थांबवता येत नाही. उत्पन्न मात्र हवेवर अवलंबून. पावसाळी आठवडा गेला की त्या आठवड्यातल्या टी टाइम्स, म्हणजे खेळ सुरू करण्याच्या वेळा, कायमच्या वाया जातात. काल न विकलेली सकाळची आठची वेळ आज विकता येत नाही.

आता नगरपालिकेच्या बाजूने पाहू. जून १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव १३ मंजूर केला आणि मालमत्ता कर मालमत्तेच्या मूल्याच्या एक टक्क्यावर बांधला गेला. शहरांचं उत्पन्न एका झटक्यात घटलं. पोलीस, अग्निशमन, रुग्णालयं यांना हात लावणं अवघड, म्हणून कात्री लागली ती बागांना. माळ्यांच्या जागा रिकाम्या झाल्या की भरल्या जाईनात. यंत्र मोडलं की ते पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात ढकललं जाऊ लागलं. हार्डिंग पार्कवरची पाण्याची व्यवस्था जुनी होत गेली, झाडांच्या सावलीने ग्रीन कमजोर झाल्या. आणि एकदा मैदान खराब झालं की ज्याला परवडतं तो दुसरीकडे जातो. मागे राहतात ते स्वस्त तिकिटासाठी राहतात. तिकीट वाढवावं तर तेही जाणार, न वाढवावं तर डागडुजीला पैसा नाही. दर वर्षी थोडी बचत, दर वर्षी थोडी जास्त दुर्दशा.

या सगळ्यात एक मोठी लबाडी दडलेली असते, आणि ती कोणा एका माणसाची नसते. ज्या वर्षी शहराने मैदानावर खर्च केला नाही, त्या वर्षीचा हिशेब चांगला दिसतो. तूट कमी! पण ती तूट नाहीशी झालेली नसते. ती कागदावरून उतरून जमिनीत गेलेली असते. फुटलेल्या नळांत, मेलेल्या मुळांत, गळक्या छपरात ती वीस वर्षं साठत राहते आणि एक दिवस एकदम कोट्यवधींचं बिल म्हणून समोर येते. हार्डिंग पार्कचं बिल अखेर १.६ कोटी डॉलरचं निघालं.

ते बिल भरायला शहराला भाग पाडणारा माणूस म्हणजे फ्रँक टेटम, सगळे त्याला सँडी म्हणत. जन्म १९२०, १९४२ साली स्टॅनफर्डचा विद्यार्थी असताना महाविद्यालयीन राष्ट्रीय विजेता, व्यवसायाने वकील, १९७८ ते १९८० या काळात यूएस गोल्फ असोसिएशनचा अध्यक्ष. खेळायला त्याला खासगी क्लबांची कमतरता नव्हती, पण शहर अजिंक्यपदाच्या निमित्ताने हार्डिंगशी त्याचं जुनं नातं होतं. आपल्या सत्तरीच्या उत्तरार्धात त्याने ठरवलं की हे मैदान पुन्हा उभं करायचं. त्याचा हिशेब साधा होता. व्यावसायिक गोल्फची संस्था असलेल्या पीजीए टूरला इथे ठरावीक वर्षांनी मोठी स्पर्धा भरवायला राजी करायचं, त्या आश्वासनाच्या जोरावर शहराकडून पैसा मंजूर करून घ्यायचा, बाहेरून येणाऱ्यांकडून जास्त दर घ्यायचा, आणि शहरवासीयाचा दर मात्र त्याच्या आवाक्यात ठेवायचा. लहान मुलांना गोल्फ शिकवणाऱ्या फर्स्ट टी या उपक्रमालाही जागा द्यायची. टूरचे प्रमुख टिम फिंचेम यांनी होकार दिला.

त्यानंतर सुरू झाली खरी परीक्षा. एका खासगी कंपनीने सगळं मैदान चालवायला घेण्याची योजना पुढे आली आणि बारगळली. मग शहराच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्समध्ये, म्हणजे आपल्या महापालिकेच्या सर्वसाधारण सभेसारख्या सभागृहात, वाद झडला. विरोधकांचा मुद्दा असा की, मुलांच्या खेळण्याच्या जागांना पैसा नाही, वस्त्यांमधल्या बागांची स्वच्छतागृहं बंद आहेत, आणि तुम्ही गोल्फवर कोट्यवधी घालणार? हा मुद्दा हलका नव्हता आणि आजही नाही. माझ्या मते त्याला एकच प्रामाणिक उत्तर होतं, आणि शहराने तेच दिलं: बागांसाठीच्या सार्वजनिक निधीतून आलेला पैसा हे दान नव्हे, कर्ज आहे, आणि गोल्फच्या उत्पन्नातून ते परत केलं जाईल. त्यासाठी गोल्फची मिळकत आणि गोल्फचा खर्च यांचा गोल्फ फंड हा वेगळा हिशेब ठेवला गेला. सगळ्या बागांच्या एकत्रित खात्यात तूट लपते, वेगळ्या खात्यात ती उघडी पडते. उघड्या तुटीची लाज वाटण्यासारखं काही नाही. उलट ती दिसते म्हणूनच तिच्याबद्दल बोलता येतं.

मैदान २००२ मध्ये बंद झालं आणि ऑगस्ट २००३ मध्ये पुन्हा उघडलं. पीजीए टूरचे रचनाकार ख्रिस ग्रे यांनी वॉटसन आणि व्हायटिंगची मूळ चौकट ठेवून ग्रीन नव्याने बांधल्या, फेअरवे लांबवले, पाण्याची व्यवस्था संपूर्ण बदलली. तळ्याच्या बाजूने जाणाऱ्या शेवटच्या होलला त्याचा दिमाख परत मिळाला. आत असलेलं नऊ होलचं लहान फ्लेमिंग मैदानही तसंच ठेवलं गेलं, कारण ज्याला अठरा होल परवडत नाहीत किंवा चालवत नाहीत, त्याचं ते मैदान. ज्याचं नाव त्याला आहे तो जॅक फ्लेमिंग हा आयरिश माणूस थोर रचनाकार अ‍ॅलिस्टर मॅकेंझीचा सहायक होता आणि पुढे शहराच्या गोल्फ मैदानांचं काम पाहत होता. कारभाराची विभागणीही नवी झाली. टी टाइम, दुकान, उपाहारगृह हे केंपर स्पोर्ट्स या कंपनीकडे, आणि गवताची निगा शहराच्या माळ्यांकडे. ही मांडणी महाग पडते असं म्हणणारे आहेत. शहराच्या माळ्याला संघटनेच्या करारानुसार पगार, आरोग्यविमा, निवृत्तिवेतन मिळतं, खासगी ठेकेदाराचा मजूर त्याहून स्वस्त पडतो. पण तोटा भरून काढायचा तो माळ्याच्या पगारातून, हा मार्ग मला मान्य नाही. मैदान सर्वांचं म्हणायचं आणि ते राखणाऱ्याला त्याच शहरात घरभाडं परवडू नये, हे कसं चालेल?

स्पर्धा आल्या. ऑक्टोबर २००५ मध्ये टायगर वुड्स आणि जॉन डेली यांच्यात बरोबरी झाली आणि जादा होलवर डेलीचा अगदी जवळून होलमध्ये चेंडू ढकलण्याचा फटका चुकला आणि वुड्स जिंकला. २००९ मध्ये अमेरिका विरुद्ध युरोपबाहेरचं जग अशी प्रेसिडेंट्स कप स्पर्धा झाली. पुढे टूरच्या मैदानांच्या साखळीत सामील होऊन मैदानाचं नाव टीपीसी हार्डिंग पार्क झालं. २०१५ मध्ये रोरी मॅकिलरॉयने इथली मॅच प्ले स्पर्धा जिंकली. क्लबहाऊसला सँडी टेटमचं नाव दिलं गेलं. २०१७ मध्ये तो वारला तेव्हा ९६ वर्षांचा होता.

मग तोटा संपला का? सरळ नाही म्हणावं लागतं, आणि तेच स्वाभाविक आहे. पहिली काही वर्षं कर्जफेडीचं ओझं, दुरुस्तीचा वाढलेला दर्जा टिकवण्याचा खर्च, आणि त्यातच देशभर गोल्फचं आकर्षण ओसरू लागलेलं. नव्वदीच्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत गरजेपेक्षा फार जास्त मैदानं बांधली गेली होती आणि २००८ च्या मंदीनंतर बंद पडणाऱ्यांची संख्या उघडणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक झाली. गोल्फ फंडाला शहराच्या सर्वसाधारण निधीतून हात द्यावा लागला. स्पर्धेच्या काळात मैदान कित्येक दिवस शहरवासीयांना बंद राहतं, ही आणखी एक किंमत. पण २००३ नंतरची तूट आणि १९९८ ची तूट यांत फरक आहे. आधीची तूट मैदान खाऊन टाकत होती, नंतरच्या तुटीत मैदान सुधारत होतं. पाण्याचंच पाहा. २०१२ पासून डेली सिटीच्या केंद्रातलं शुद्ध केलेलं सांडपाणी हार्डिंगच्या गवताला मिळू लागलं. दुष्काळी कॅलिफोर्नियात पिण्याचं पाणी गोल्फवर ओतणं कोणत्याही शहराला सांगता आलं नसतं.

हार्डिंगच्या भावंडांची गोष्ट सांगितल्याशिवाय ही वाटचाल पुरी होणार नाही. शहराच्या हद्दीबाहेर, दक्षिणेला समुद्रकाठी पॅसिफिका गावात शार्प पार्क आहे. १९१७ मध्ये ऑनोरा शार्प या बाईंच्या इच्छेने ती जमीन सार्वजनिक बागेसाठी शहराला मिळाली. १९३२ मध्ये तिथे मॅकेंझीने मैदान केलं, ज्याने मास्टर्सचं मैदान ऑगस्टा नॅशनल हे गोल्फपटू बॉबी जोन्सबरोबर घडवलं तोच हा मॅकेंझी. समुद्राच्या वादळांनी काही होल गिळले, दुसऱ्या महायुद्धात तिथल्याच आवारात जपानी, जर्मन आणि इटालियन लोकांना डांबणारी छावणी होती. आणि मैदानाच्या मधोमध लगूना सलादा हे पाणथळ तळं, जिथे लाल पायांचा कॅलिफोर्निया बेडूक आणि सॅन फ्रान्सिस्को गार्टर साप हे दोन संरक्षित जीव राहतात.

हिवाळ्यात पाऊस पडला की तळं फुगतं आणि फेअरवे पाण्याखाली जातात. खेळ चालवायचा तर पंपाने पाणी काढावं लागतं. पण बेडकीने अंडी घातलेली असतात ती त्याच उथळ पाण्यात. पाणी उतरलं की अंडी उघडी पडून सुकतात. २०११ मध्ये पर्यावरणवादी संघटना न्यायालयात गेल्या. त्याच वर्षी शहराच्या सभागृहाने मैदान बंद करून जमीन राष्ट्रीय उद्यान सेवेकडे देण्याच्या दिशेने ठराव केला आणि डिसेंबरमध्ये महापौर एड ली यांनी तो नामंजूर केला. पुढे केंद्राच्या वन्यजीव खात्याने अटी घातल्या आणि २०१२ मध्ये तो दावा निकाली निघाला.

या भांडणात मला सर्वांत उद्बोधक वाटला तो पैशाचा वाद. विरोधक म्हणत शार्प पार्क तोट्यात आहे, गोल्फर म्हणत ते फायद्यात आहे. दोघांकडे आकडे होते आणि दोघांचे आकडे त्यांच्या परीने खरे. फरक एवढाच की बागखात्याच्या मुख्य कार्यालयाच्या खर्चाचा वाटा, म्हणजे संचालकांचा पगार, वकील, संगणक, विमा यांतला भाग, शार्प पार्कच्या नावावर टाकायचा की नाही. टाकला तर तूट, नाही टाकला तर शिल्लक. मैदान बंद केलं तरी संचालकांचा पगार थांबणार नाही, हे गोल्फरांचं म्हणणं बरोबर. आणि सगळ्यांनीच असं म्हटलं तर तो पगार कोणाच्याच नावावर लागणार नाही, हे विरोधकांचंही बरोबर. सार्वजनिक संस्थेचा तोटा मोजताना ही रेघ कुठे ओढली हे आधी विचारावं, मग आकड्यावर वाद घालावा.

शार्प पार्कबद्दल माझं मत गोल्फच्या बाजूचं आहे, पण बेडकांच्या अटींसह. मॅकेंझीचं समुद्रकाठचं मैदान इतक्या कमी पैशांत खेळता येईल अशी दुसरी जागा मला माहीत नाही. आणि तळ्याभोवतीचा पट्टा सोडून द्यावा लागला, एखाद-दोन होल हलवावे लागले, तर ते करावं.

मॅकलॅरन पार्कमधलं ग्लेनइगल्स हे नऊ होलचं मैदान तर अगदी वेगळ्या वाटेने टिकलं. १९६२ च्या सुमाराचं, तेही जॅक फ्लेमिंगचं. शेजारी सनीडेल ही शहरातली मोठी सरकारी वसाहत, जिथे गरिबी आणि गुन्हेगारी यांचं नाव कायम एकत्र घेतलं जायचं. शहराने ते चालवायला ठेक्याने दिलं. पाण्याच्या वाढत्या बिलाने ठेकेदार टेकीला आला. तरीही तिथे कामगार संघटनेच्या सहकार्याने आसपासच्या वस्त्यांतल्या तरुणांना, तुरुंगवास भोगून आलेल्यांनाही, बागकामाचं प्रशिक्षण देण्याचा उपक्रम उभा राहिला. गवत कापणं, नळ टाकणं, यंत्र चालवणं शिकून त्यांच्यातले काही पक्क्या नोकऱ्यांना लागले. या मैदानाच्या जमाखर्चात त्या नोकऱ्या कुठे लिहायच्या? त्यांच्यामुळे तुरुंगखात्याचा पैसा वाचला, पण बागखात्याच्या खात्यात त्यांची नोंद नाही.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे टाळेबंदी झाली आणि शहराची गोल्फ मैदानं खेळासाठी बंद झाली. लोक मुलांना, कुत्र्यांना घेऊन फेअरवेवर फिरायला जाऊ लागले. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेल्या अनेकांनी ती जमीन पहिल्यांदा आतून पाहिली. त्यांतल्या काहींनी नंतर विचारलं की ही जागा गोल्फपुरतीच का, आणि तो प्रश्न रास्त होता. ऑगस्टमध्ये पुढे ढकललेली पीजीए चॅम्पियनशिप हार्डिंगवर झाली, साथ सुरू झाल्यानंतरची गोल्फची पहिली मोठी स्पर्धा, प्रेक्षकांविना. खाडीपलीकडच्या बर्कली विद्यापीठातून आदल्याच वर्षी पदवी घेतलेल्या २३ वर्षांच्या कॉलिन मोरिकावाने ती जिंकली. विद्यार्थी असताना तो या मैदानावर खेळायला येत असे. सोळाव्या होलवर त्याने टीवरूनच, म्हणजे पहिल्याच फटक्यात, चेंडू थेट ग्रीनवर, होलपासून सुमारे सात फुटांवर नेला. त्यानंतर देशभर गोल्फकडे लोकांची रीघ लागली आणि ओस पडलेल्या कित्येक सार्वजनिक मैदानांच्या टी टाइम मिळेनाशा झाल्या. तोट्याच्या काळात जी शहरं मैदानं विकून मोकळी झाली होती, त्यांच्याकडे आता देण्यासाठी काही उरलं नव्हतं.

बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को खाडीभोवतीच्या शहरांतल्या, मराठी कुटुंबांना हा विषय परका नाही. सनीवेल शहराची स्वतःची गोल्फ मैदानं आहेत, पालो आल्टोने आपलं जुनं मैदान नव्याने बांधून २०१८ मध्ये बेलँड्स नावाने उघडलं, आणि सॅन होजेने बांधलेल्या लॉस लागोस मैदानाच्या तुटीवर तिथल्या नगरसभेत वर्षानुवर्षं वाद झाले. आपल्याकडे खारघरच्या डोंगरकुशीत सिडकोने सार्वजनिक गोल्फ मैदान उभारलं आहे. तिथले दर कोणाच्या खिशाला बेतलेले आहेत आणि निगेचा खर्च कोणत्या खात्यातून होतो, हे सॅन फ्रान्सिस्कोचे प्रश्न उद्या नवी मुंबईतही विचारावे लागतील. ज्यांच्या मुलांनी शनिवारी सकाळी अशा मैदानावर पहिला चेंडू मारला आहे, त्यांनी आपापल्या शहराचं अंदाजपत्रक एकदा तरी उघडून पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ही प्रक्रिया खुली आहे. गोल्फचे दर शहराच्या बागविषयक नियमांत लिहिलेले असतात आणि ते बदलायचे तर बाग आयोगापुढे आणि सभागृहापुढे जाहीर सुनावणी होते. कोणीही नागरिक उभा राहून काही मिनिटं बोलू शकतो. गोल्डन गेट पार्कमधलं १९५१ चं नऊ होलचं लहान मैदान असंच लोकांच्या आग्रहाने टिकलं. २०१८ मध्ये त्याचं क्लबहाऊस जळलं, पुढे फर्स्ट टीच्या स्थानिक शाखेने पैसा उभा करून मैदान नव्याने घडवलं आणि २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं. तिथे आता शाळकरी मुलं खेळतात.

अशा सुनावणीत तुटीचा आकडा वाचून दाखवला जातो तेव्हा त्याच्या शेजारी आणखी एक आकडा मागायला हवा: या वर्षी कोणती डागडुजी पुढे ढकलली आणि ती पुढे केली तर कितीला पडेल. हार्डिंग पार्कच्या खात्यात १९७८ ते १९९८ या वीस वर्षांत तो आकडा दर वर्षी लिहिला गेला असता, तर १.६ कोटींपर्यंत वाट पाहण्याची वेळ आली नसती, आणि शेजारी यूएस ओपन चालू असताना फेअरवेवर मोटारी उभ्या राहिल्या नसत्या. लिंकन पार्कचं जुनं मैदान अजून त्याच्या पाळीची वाट पाहतं आहे. पुढचा आकडा त्याचा मागावा.